आठबोट्याच्या चाकूचं टोक

आठबोट्याला धक्क्यावरच नव्हे, तर गल्लीत आणि सासुरवाडीतही सगळे याच नावानं ओळखत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. कोणी नवखा माणूस त्याच्या उजव्या हाताकडे बघून नजर चोरू लागला की तो हात आणखी पुढे करायचा आणि म्हणायचा, बघून घ्या नीट, तिकीट नाही. त्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. उरलेल्या तीन बोटांनी तो दोरखंडाची अशी गुंफण घालायचा, की दहा बोटांवाल्यांनी त्यातलं एखादं तोंडात घालावं. हा विनोदही त्याचाच. दुसऱ्या कोणी केलेला त्याला चालत नसे.

हट्टाच्या बाबतीत मात्र तो गरीब नव्हता. त्याचा सर्वांत मोठा हट्ट त्याच्या कमरेला लटकत असे.

तो होता एक चाकू. मिटणारा नव्हे, अखंड. ट्रकच्या कमानपट्टीतून एका लोहारानं घडवून दिलेला, पाठीला करंगळीएवढा जाड, म्हणजे आठबोट्याच्या डाव्या करंगळीएवढा. पात्याचं पोलाद मुठीच्या आतून थेट शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही अंगांना लाकूड आणि तीन रिबिटी. म्यान कातडी, घामानं आणि खाऱ्या हवेनं काळं पडलेलं. आणि पात्याच्या पुढे टोक, असं की बघणारा नकळत अर्धं पाऊल मागे सरायचा.

हा चाकू कमरेला लावल्याशिवाय आठबोट्या घराबाहेर पडत नसे. बँकेच्या दारातला पहारेकरी म्हणायचा, काका, हे इथे ठेवा आणि आत जा. आठबोट्या म्हणायचा, मग मी पण इथेच राहतो. बायको आत जाऊन काम उरकायची आणि तो पायरीवर उभा राहून पहारेकऱ्याला गाठींचे प्रकार समजावून सांगायचा. दवाखाना, कचेरी, सगळीकडे हेच. लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता तेव्हा तो मैदानाच्या बाजूनं खिडकीच्या गजांना नाक लावून उभा होता, आणि तिला बक्षीस मिळाल्यावर त्यानं बाहेरून इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापिका भाषण विसरल्या. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणत. बायको त्याच्यासाठी जो शब्द वापरायची तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सुट्टीच्या दिवशी तो बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात जाऊन बसायचा. दुकानदार त्याचा मेहुणा. अलीकडे त्याच्याकडे नव्या तऱ्हेचे जाडजूड चाकू यायला लागले होते: काळा रंग, पाठीवर करवतीचे दाते, मुठीला दोरा गुंडाळलेला, आणि खोक्यावर डोंगराच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचं चित्र. गल्लीतल्या जिन्यापलीकडे कधी काही न चढलेली पोरं ते बघून हरखून जायची. मेहुणा त्यांना सरळ आठबोट्याकडे पाठवायचा आणि मग पस्तावायचा.

कारण आठबोट्या विकत नसे, तोलत असे. आधी फायदे सांगायचा. हा मिटत नाही, म्हणजे हातावर मिटत नाही. एवढं म्हणून तो आपला उजवा हात टेबलावर ठेवायचा आणि पुढचं समजून घ्यायला वेळ द्यायचा. हात ओला असो, बधिर असो, मोजा घातलेला असो, एका हातानं उपसता येतो. बिजागरी नाही, म्हणून वाळू अडकत नाही, मीठ साचत नाही. पिळलं, उचकटलं, मागून दगड मारला, तरी तुटत नाही. धुतला, पुसला, झालं.

मग तोटे, आणि तोटे सांगताना तो जास्त खुलायचा. पोराच्या पट्ट्याला तो काळा चाकू लावायला लावायचा आणि म्हणायचा, आता स्टुलावर बस. मूठ बरगडीत जायची. आता वाकून बुटाची नाडी बांध. पँट खाली यायची. मग मेहुण्याच्या भाजीच्या पिशवीतला बटाटा काढून म्हणायचा, हा सोल. जाड पात्यानं बटाटा सोलला जात नसे, फुटायचा. जाड पातं कापत नाही बाळा, फाडतं. पाठीवरचे दाते लाकूड कापत नाहीत, बाही कापतात. काळा रंग गंज थांबवत नाही, फक्त तुला दिसू देत नाही. आणि कमरेला हे घेऊन फिरशील तेव्हा तुझं काम कोणी विचारणार नाही, सगळे तुझा इरादा विचारतील. एवढं सगळं पटवून घेऊन ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा, असं त्याचं म्हणणं. बरेच जण बटाट्यालाच दचकून परत जायचे आणि मेहुणा कपाळाला हात लावायचा.

इतका प्रामाणिक माणूस, पण एक तोटा तो कधीच सांगत नसे. टोकाच्या तोट्याबद्दल तो अवाक्षर काढत नसे.

त्याला कारण होतं. तरुणपणी तो टगवर डेकचा खलाशी होता. मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्याला ओढून आणायचं काम. त्या काळी त्याच्या खिशात घडीचा चाकू असायचा, छान, हलका, खटकन उघडणारा. एकदा ताणलेल्या दोरात अडकलेला पीळ सोडवायला त्यानं तो चाकू घातला आणि दोर उसळला. पात्याच्या पाठीवर फटका बसला, चाकू मिटला, आणि मुठीवर होती तेवढी बोटं मधे आली. दोन वाचली नाहीत. बरा झाल्यावर त्यानं लोहाराकडून हा जाड चाकू करून घेतला आणि छाती काढून डेकवर हजर झाला.

आता या धक्क्यावर एक रीत होती. मुकादमाच्या शेडमध्ये लोखंडी टेबलाला एक व्हाइस, म्हणजे दांडा फिरवून आवळायची पकड, ठोकलेला होता. डेकवर येणाऱ्या प्रत्येकानं आपला नवा चाकू आधी त्या व्हाइसमध्ये धरायचा आणि मुकादमासमोर त्याचं टोक मोडायचं. डेक हलतो, माणूस घसरतो, खाली दुसऱ्याचा पाय असतो नाहीतर हवा भरलेल्या होडीचं रबर असतं. दोर कापायला धार लागते. टोक फक्त भोसकायच्या कामाचं. मोडलेलं टोक व्हाइसशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ज्याचं टोक डब्यात, तो डेकचा माणूस. बाकी कागद काहीही म्हणोत.

मुकादमानं व्हाइस उघडून दिला तेव्हा आठबोट्या हाताची घडी घालून उभा राहिला होता. दोन बोटं दिलीत या धक्क्याला, तो म्हणाला, आता टोक मिळणार नाही. मुकादम म्हणाला, मग डेक मिळणार नाही. नको तुमचा डेक, असं म्हणून आठबोट्या चालता झाला, आणि त्याला किनाऱ्यावरच्या दोरांच्या गोदामात काम देण्यात आलं. तेव्हापासून दोघं एकाच धक्क्यावर होते. बोलणं फक्त दोरापुरतं. जाडा हवा की बारीक, नवा की जुना, एवढंच. ही हकीकत आठबोट्या सगळ्यांना सांगायचा, आणि प्रत्येक वेळी त्यातल्या मुकादमाचा चेहरा थोडा जास्त पडायचा.

गोदामाला पाण्याच्या बाजूनं मोठी खिडकी होती. आठबोट्याची खुर्ची तिच्याकडे पाठ करून असायची. म्हणायचा, उजेड मागून आलेला बरा.

आणि मग त्याची लेक म्हणाली, मला टगवर काम करायचंय.

ती काही लहर नव्हती. पोरगी पाण्यात पडली की माशाला लाज वाटेल अशी पोहायची, डेकच्या कामाचं शिक्षण तिनं रीतसर पुरं केलं होतं, आणि गाठी तर तिला बापाच्या मांडीवरच येत होत्या. धक्क्यावर आजवर डेकवर बाई नव्हती. मुकादमानं आधी नाही म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. त्यानं परत नाही म्हटलं. ती परत गेली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, एक दिवस काम करून दाखव, जमलं तर ठेवतो, नाही जमलं तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही. ती म्हणाली, चालेल. हट्ट कुठून आला होता हे सांगायला नको.

चाकूवरून घरात रणकंदन झालं ते त्या आठवड्यात. तिनं मामाच्या दुकानातून एक साधा, पातळ पात्याचा, अखंड चाकू आणला होता. आठबोट्यानं तो अंगठ्यानं वाकवून पाहिला आणि म्हणाला, हा चाकू आहे की पट्टी? ती म्हणाली, कापायचाच आहे ना दोर, की जहाज उचलायचंय? तो फायदे सांगू लागला. तिनं तोटे सांगितले, त्याच्याच तोंडचे, त्याच क्रमानं, अगदी बटाट्यासकट. तो वजनाबद्दल बोलला तर तिनं त्याचा चाकू आपल्या पट्ट्याला लावून माळ्याची शिडी चढून दाखवली. मूठ प्रत्येक पायरीला अडकली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, दोघांनी मिळून एक दुकान काढा आणि मला मोकळं करा.

तिच्या पातळ चाकूला धार मात्र त्यानंच लावली, सबंध संध्याकाळ, दगडावर पाणी सोडत, आणि तोंडानं नावं ठेवत. दुसऱ्या दिवशी तिनं तो व्हाइसमध्ये धरून मुकादमासमोर टोक मोडलं आणि डब्यात टाकलं. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. आठबोट्या बरं म्हणाला आणि दोराचं काम पुढे ओढलं.

परीक्षेच्या सकाळी ती निघाली तशी त्यानं तिला दारात गाठलं. त्यानं आपल्या पट्ट्यावरून म्यान सोडवलं आणि तिच्यापुढे धरलं. तुझा तो तुझ्यापाशी असू दे, म्हणाला, पण त्याचं पातं वाकलं, मोडलं, तर हा असावा. जॅकेटखाली मागे लाव, कोणाला दिसणार नाही. इतक्या वर्षांत त्यानं तो चाकू घराबाहेर न्यायला कोणाला दिला नव्हता. लेकीनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या सुन्या कमरेकडे बघितलं, आणि नको म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिनं तो घेतला. पोरगी शहाणी होती, पण बापाचं मन राखायच्या वेळी शहाणपण कुठे आठवतं.

त्या दिवशी आठबोट्यानं गोदामातली खुर्ची फिरवली आणि पाण्याकडे तोंड करून बसला.

धक्क्यापासून बोयापर्यंत, म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत, दोर न्यायला एक रबरी होडी होती. तिला सगळे फुगा म्हणत. इंजिनवाला मागे, एक खलाशी मधे, आणि दोर घेऊन पुढे लेक. तिनं दोर खाली पडू न देता उचलला, नीट वेटोळं केलं, बोयाच्या कडीत ओवला, गाठ घातली. लांबूनही आठबोट्याला ती गाठ ओळखू आली. धक्क्यावरचा मुकादमही मान हलवत होता. मग परतीच्या वाटेवर ती फुग्याच्या काठावर बसली.

जुनं कातडी म्यान खाली शिवणीत विरलं होतं. हे आठबोट्याला माहीत होतं. शिवायला हवं असं तो कधीपासून म्हणत होता. तिचं वजन पडलं, जाड पातं खाली दाबलं गेलं, आणि ते टोक, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं होतं, शिवणीतून बाहेर येऊन रबरात शिरलं. फुस्स असा आवाज झाला तो गोदामापर्यंत आला नाही. पण आठबोट्याला फुग्याची एक बाजू लुळी पडताना दिसली, मधला खलाशी दुसऱ्या बाजूला झेपावताना दिसला, आणि लेक कमरेएवढ्या पाण्यात बसलेली दिसली. इंजिनवाल्यानं कसाबसा फुगा धक्क्याला लावला. कोणाला इजा झाली नाही. हसले मात्र सगळे.

मुकादम हसला नाही. त्यानं तिच्या जॅकेटखालून तो चाकू काढला, उलटसुलट केला आणि परत तिच्या हातात दिला. मग तिला सांगितलं की काम तुला येतं, पण टोकाचा चाकू लपवून डेकवर आणणाऱ्या माणसाशेजारी मी दुसऱ्या कोणाला उभं करणार नाही. घरी जा.

लेक घरी आली. तिनं चाकू जेवणाच्या टेबलावर ठेवला, ओले बूट दाराशी काढले आणि बापाकडे न बघता सांगितलं की मी रडणार नाही आणि तुम्ही धक्क्यावर माझी रदबदली करायला यायचं नाही. उद्या मी पुन्हा जाणार आहे आणि घेत नाहीत तोवर शेडसमोर उभी राहणार आहे. हे सांगून ती आत गेली आणि नळ सोडला.

आठबोट्या टेबलापाशी बसला. मग तो बोलू लागला. मुकादम असाच, खुनशी, तेव्हाही असाच होता, एका टोकासाठी त्यानं माझा डेक घेतला आणि आता पोरीचा. बायको भांडी पुसत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही टोकासाठी डेक सोडला नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला डेक सोडायचा होता, म्हणून टोक धरून बसलात."

त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. ती घाबरली नाही. "रात्री झोपेत दोराचा आवाज ऐकून उठत होतात. मी शेजारीच होते ना. आजवर बोलले नाही, कारण तुमचं तुम्हाला पुरत होतं. आता ते पोरीला आडवं आलं."

एवढं बोलून तिनं भांडं उचललं आणि पुसायला लागली. आतला नळ केव्हाच बंद झाला होता. आठबोट्याला राग आला, खूप आला, आणि तो कोणावर काढावा हे त्याला कळेना, कारण ती खोटं बोललेली नव्हती. घडीचा चाकू वाईट, मुकादम वाईट, नियम वाईट, असं सगळ्यांना सांगत तो जगला होता. त्यातलं पहिलं खरं होतं. बाकीच्याच्या मागे एक भ्यालेला माणूस पाण्याकडे पाठ करून बसला होता.

सकाळी लेक त्याच्या आधी निघून गेली. येऊ नका असं तिनं सांगितलेलं होतं, आणि आठबोट्यानं आयुष्यात कोणाचं ऐकलेलं नव्हतं. आजच सुरुवात करायचं कारण नव्हतं. तो गेला.

शेडमध्ये खलाशी चहा पीत होते. लेक बाहेर भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. बापाला बघून तिनं दात आवळले. तो तिच्यासमोरून सरळ आत गेला, व्हाइसचा दांडा फिरवला, चाकूचं टोक दोन जबड्यांत धरलं आणि घट्ट आवळलं. चहाचे पेले थांबले.

"मुकादम," तो म्हणाला, "या चाकूचे फायदे मी सगळ्यांना सांगतो. तोटेही सांगतो. एक गिळला होता. तो काल तुमच्या फुग्यानं सांगितला."

त्यानं हातोडा घातला. चांगलं पोलाद ते, सहज मोडेना. पातं घणघणलं आणि जागच्या जागी राहिलं. कोणीतरी हसलं. आठबोट्यानं कानस मागितली, पात्यावर आडवी खाच पाडली, त्याला घाई नव्हती. मग तीन बोटांच्या हातात हातोडा धरून त्यानं असा घाव घातला की टेबल सरकलं. टोक उडून जमिनीवर पडलं. त्यानं ते उचललं.

मुकादम म्हाताऱ्या डोळ्यांनी बघत होता. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोर घडली तरी त्याचा आवाज मऊ झाला नाही. त्यानं सांगितलं की टोक मोडलंस हे ठीक, पण नियम पोरीनं मोडला.

"चाकू माझा. म्यान फाटकं, तेही माझं. तिनं माझं मन राखलं. शिक्षा मला करा."

"डेकवरची शिक्षा डेकच्या माणसाला असते," मुकादम म्हणाला. "तू गोदामाचा. तुला मी काय शिक्षा करू?"

आठबोट्याच्या जबड्याची शीर तट्ट फुगली. कालपर्यंत त्याला कोणी एवढं खरं तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि दोन दिवसांत हे दुसऱ्यांदा घडत होतं. तो पत्र्याच्या डब्यापाशी गेला. आत गंजलेल्या टोकांचा थर होता, काही तर त्याच्याबरोबर डेकवर चढलेल्या आणि आता हयात नसलेल्या माणसांची. वरचं चकचकीत होतं ते लेकीचं. त्यानं हातातला तुकडा त्यावर टाकला.

"आता करा," तो म्हणाला.

मुकादमानं डब्यात डोकावून पाहिलं. मग त्यानं चहाचा पेला रिकामा केला आणि बाहेर पालथ्या पडलेल्या फुग्याकडे हात दाखवला. ठिगळ लाव, म्हणाला. आणि इथली रीत तुला ठाऊक आहे. ज्यानं ठिगळ लावलं, त्यानंच त्यावर बसून बोयापर्यंत जाऊन यायचं.

आठबोट्याला रीत ठाऊक होती. त्यानं पाण्याकडे एकदा बघितलं. मग त्यानं विचारलं, "आणि पोरगी?"

"फुगा काय आपणहून बोयाला जाणार?" मुकादम म्हणाला. "दोर कोण धरणार, मी?"

भिंतीपासची हाताची घडी सुटली. खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इंजिनवाल्यानं, जो काल सर्वांत मोठ्यानं हसला होता, तिच्यासाठी एक पेला चहा भरला.

आठबोट्यानं रबर घासलं, पुसलं, दोन्हीकडे पंक्चरचं सोल्युशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ बसवलं आणि अंगठ्यानं कडेकडेनं दाबत गेला. लेक शेजारी बसून दोर गुंडाळत होती. हवा भरली, साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा आला नाही. मग फुगा पाण्यात उतरला आणि आठबोट्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला. पायरी हिरवी आणि निसरडी होती. लेकीनं हात पुढे केला नाही, कारण तो धरणार नाही हे तिला माहीत होतं. तो स्वतःच उतरला आणि ठिगळावर बसला.

धक्का मागे गेला. उजवीकडून एक टग मोठं जहाज ओढत होती आणि तिचा दोर ताणला जाऊन कुईकुई करत होता. तो आवाज आठबोट्याला गोदामाच्या भिंतीतूनही ओळखता यायचा. त्यानं काठाची दोरी मुठीत धरली.

लेक पुढून मागे वळून बघत होती. "भीती वाटते?" तिनं विचारलं. चिडवायला नव्हतं विचारलं.

त्याच्या जिभेवर दहा उत्तरं होती, सगळी तयार, सगळी घासून लख्ख केलेली.

"वाटते," तो म्हणाला. "तेव्हाही वाटत होती."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण म्हणून मी दुकानात बटाटे नाही फोडत बसत." आणि तिनं तोंड पुन्हा बोयाकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि आठबोट्याला कळेना की ही हसते आहे की आणखी काही.

बोयाच्या कडीत कुठल्यातरी जुन्या दोराचा गुंता अडकला होता, शेवाळानं फुगलेला. लेकीनं पातळ चाकू काढला आणि दोन ओढीत तो साफ केला. जाड पात्याला तिथे फार वेळ लागला असता. आठबोट्यानं हे पाहिलं, गिळलं, आणि मग न राहवून म्हणाला, "धार कोणी लावली होती?" तिनं नवा दोर ओवला, गाठ घातली, हिसडा देऊन बघितली.

धक्क्यावरून मुकादमानं तोंडाशी हात धरून हाक दिली. ठिगळ टिकतंय का, असं तो विचारत होता. फुगा त्याच्याकडे तोंड करून परतायला लागला होता. आठबोट्यानं काठाची दोरी सोडली, तीन बोटांचा हात उंच केला आणि छातीतला सगळा दम लावून ओरडला.

"टिकतंय. पण एका फेरीत काय कळतं? अजून एकदा जाऊन येतो."